गॅसमधला एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) साइटवर 8 पीपीएम (दहा लाखांत 8 भाग), लॅबमध्ये 2. असं का?
बहुधा नमुना नेण्याच्या सिलिंडरमुळे. साध्या स्टेनलेस स्टीलच्या भिंतीला हायड्रोजन सल्फाइड चिकटतो. आत ओलावा किंवा गंज असला तर आणखी लवकर. आतून सिलिकाचा लेप दिलेला सिलिंडर घ्या, टेफ्लॉनची आखूड नळी लावा, त्याच गॅसने नीट फ्लश करा आणि शक्यतो 24 तासांत जीसी-एससीडीवर (गंधकाची संयुगं मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर) चालवा. शंका असेल तर सिलिंडरमध्ये 10 पीपीएमचा प्रमाणित गॅस भरून दुसऱ्या दिवशी मोजा. आकडा घसरला, तर तो सिलिंडर गंधकासाठी बाद.

साइटवरची डिटेक्टर ट्यूबही (हातपंपाने गॅस ओढल्यावर रंग बदलून प्रमाण दाखवणारी काचेची नळी) तपासा. ती थेट दाबाच्या लाइनला कधीच जोडू नका. वातावरणाच्या दाबावर वाहत्या गॅसमधूनच नमुना ओढा. पंपाचा एक स्ट्रोक 100 मिलीचा. पंप पूर्ण भरण्याआधी काढला, तर आकडा कमी येतो.