ब्रुकनरची डिस्क परत पाठवण्याआधी

'चौथ्या सिंफनीचा तिसरा भाग एका संचात एक आणि दुसऱ्या संचात भलताच निघाला, डिस्क चुकीची भरली आहे का?' हा ऑस्ट्रियन संगीतकार ब्रुकनरबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. डिस्क परत पाठवू नका. मी पाठवली होती.

तोवर मी चौथी ऐकली होती ती कंडक्टर ऑयगेन योखुम यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या सिंफनींच्या संचातली. तिसऱ्या भागात शिकारीचे हॉर्न दुरून येतात आणि एकावर एक चढत जातात, हे कानात पक्कं बसलेलं. मग एलियाहू इनबाल यांचा फ्रँकफर्ट रेडिओ ऑर्केस्ट्रासोबतचा संच बाहेरून मागवला. तिसरा भाग लावला, तर एकटा हॉर्न एक हाक देऊन गप्प. शांतता. पुन्हा तोच हॉर्न. सीडी प्लेअर बंद करून पुन्हा लावला, पुठ्ठ्यावरचं नाव ताडून पाहिलं आणि विक्रेत्याला लिहून टाकलं की माल चुकीचा आहे.

त्यांच्या यादीत नुसतं 'सिंफनी क्र. ४'. कुठली आवृत्ती, एक अक्षर नाही. मी तीनदा मेल केली, तिन्ही वेळा दिलगिरीचं तेच छापील उत्तर आणि शेवटी परतीचं लेबल. डिस्क लावून बघायची तसदी तिथे कुणीच घेतली नाही. संचाचे पैसे मिळाले, कस्टम ड्युटी आणि कुरिअरचे गेले ते गेलेच. आजही राग येतो.

माल बरोबर होता. ती १८७४ची मूळ आवृत्ती. शिकारीचा स्केर्झो, म्हणजे हा वेगवान तिसरा भाग, ब्रुकनरने १८७८मध्ये नव्याने लिहिला. तिसरी, चौथी आणि आठवी यांच्या पहिल्या आवृत्त्या सर्वप्रथम ध्वनिमुद्रित केल्या त्या इनबाल यांनीच, आणि नेमकं तेच मी दोष समजून परत केलं.

म्हणून माझं ठाम मत: आवृत्ती कळल्याशिवाय दोन कंडक्टरांची तुलना करूच नये. ब्रुकनरच्या सिंफनी संपादित करून छापणारे दोघे म्हणजे हास आणि नोवाक. आठवीत हास यांनी १९३९च्या प्रतीत १८८७च्या मसुद्यातल्या काही जागा परत घातल्या, नोवाक यांनी १९५५मध्ये त्या वगळल्या. करायान आणि वांड या कंडक्टरांच्या ध्वनिमुद्रणांत हासची प्रत आहे, योखुम यांच्या संचांत नोवाकची. नुसती मिनिटं मोजून 'यांनी घाई केली' म्हणणं अन्यायाचं आहे. सातवीच्या अडाजिओतली, म्हणजे संथ भागातली, झांज नोवाकच्या प्रतीत आहे, हासच्या नाही. ती ऐकू आली नाही म्हणून स्पीकर तपासायला नेऊ नका.

मी संगीत शिकलेली नाही, कानाला पटलं तेच सांगते. पहिला संच योखुम यांचाच घ्या, पण १९५८ ते १९६७मधला, बर्लिन फिलहार्मोनिक आणि बव्हेरियन रेडिओ ऑर्केस्ट्रासोबतचा. नंतरचा ड्रेस्डेनचा मला पितळी वाद्यांमुळे जरा कर्कश वाटतो. कुणाला तोच आवडेल. वांड यांचा कलोनचा संच शिस्तीचा. पाचवीसाठी मी तोच काढते. ऐकताना पंखा बंद ठेवा, ब्रुकनरची सुरुवात बहुतेक वेळा इतकी हळू असते की पंख्याच्या घरघरीत पहिले काही क्षण बुडतात.

आणि तुमची डिस्क १८७४ची निघाली तर तिसऱ्या भागावर थांबू नका. चौथा भागही पुढे बदललेला आहे. तो सलग दोनदा ऐका, मग ठरवा.