पट्टा हातात होता, तरीही गुन्हा का दाखल झाला?

प्रश्न : मी ठाण्यात एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहते. आमच्याकडे चार वर्षांचा लॅब्राडोर आहे. त्याने आजवर कोणालाही इजा केलेली नाही. गेल्या आठवड्यात माझी तेरा वर्षांची मुलगी त्याला पट्टा लावून खाली घेऊन गेली होती. संस्थेतील सहा वर्षांचा एक मुलगा मागून धावत आला आणि त्याने कुत्र्याच्या गळ्याला मिठी मारली. कुत्र्याने वळून त्याच्या मनगटावर तोंड मारले. दोन दात लागले व रक्त आले. मुलाच्या पालकांनी पोलिसांत तक्रार दिली असून मला हजर राहण्याची नोटीस आली आहे. संस्थेच्या सर्वसाधारण सभेने पंधरा दिवसांत कुत्रा हलवावा, तोपर्यंत त्याला लिफ्टमधून नेऊ नये आणि तोंडाला जाळी बांधावी, असा ठराव केला आहे. न ऐकल्यास आमचे पाणी तोडण्याची भाषा चालू आहे. नातेवाईक म्हणतात की कुत्र्याला तूर्त गावी पाठवून द्यावे. मूल न विचारता अंगावर आले, यात माझी चूक काय? मी आता काय करावे?

उत्तर : आपल्या कुत्र्याला घराबाहेर काढण्याचा अधिकार संस्थेला नाही, त्यामुळे त्या ठरावाची धास्ती घेऊ नये. मात्र ‘मूल स्वतःहून अंगावर आले’ या एका मुद्द्यावर आपण जो बचाव उभा करू पाहत आहात, तो फार काळ टिकणार नाही, आणि त्याच वाटेने गेलात तर शेजाऱ्यांशी असलेले संबंध व न्यायालयातील आपली बाजू या दोन्ही गोष्टी बिघडतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत आधी गावी पाठवण्याविषयी लिहितो, कारण वेळ तेथेच महत्त्वाची आहे. कुत्रा चावल्यानंतर तो निरोगी राहतो की नाही, हे दहा दिवस पाहिले जाते. तो डोळ्यांसमोर असेल आणि दहा दिवसांनी धडधाकट असेल, तर मुलाच्या डॉक्टरांना पुढील डोसांबाबत निर्णय घेता येतो. रक्त आलेली जखम रेबीजच्या धोक्याच्या वर्गवारीत तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत मोडते. अशा जखमेला साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, जखमेत रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे औषध) देणे आणि लसीचा क्रम तत्काळ सुरू करणे, हे उपचार कुत्र्याच्या निरीक्षणाची वाट न पाहता करायचे असतात. आपला कुत्रा गावी गेला, तर त्या मुलाच्या आईवडिलांच्या मनात विनाकारण भीती राहील आणि तपास अधिकाऱ्याला आपण काहीतरी दडवीत आहात असे वाटेल. कुत्रा घरीच ठेवावा, पशुवैद्यकाकडून त्याची तपासणी करून लेखी दाखला घ्यावा आणि दहाव्या दिवशी पुन्हा घ्यावा. रेबीज लसीकरणाचे कार्ड व महानगरपालिकेचा श्वान परवाना यांच्या प्रती मुलाच्या पालकांकडे आजच पोहोचवाव्यात. परवाना काढलेला नसेल, तर तो आता काढावा. मात्र तो घटनेनंतर काढला ही गोष्ट लपवू नये.

आता गुन्ह्याकडे वळतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ सांगते की, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा त्याला जबर दुखापत होण्याचा जो धोका संभवतो, तो टाळण्यास पुरेशी होईल इतकी खबरदारी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होते आणि दंडाची मर्यादा एक हजार रुपये होती. याच्या जोडीला पोलीस सहसा कलम १२५(अ), म्हणजे बेदरकार किंवा निष्काळजी कृतीने दुखापत करणे, हेही लावतात. कलम २९१ चा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असा, पण जामीनपात्र आहे. जामीन हा आपला हक्क आहे. नोटीस बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३५(३) खाली असेल. तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. ठरलेल्या दिवशी वकिलासह हजर राहावे, म्हणजे अटकेचा प्रश्न सहसा येत नाही.

या कलमाची भाषा बारकाईने वाचली, तर आपल्या बाजूने एक खरा मुद्दा निघतो. कायदा प्रत्येक ओरखड्याला गुन्हा मानत नाही. जिवाचा किंवा जबर दुखापतीचा संभाव्य धोका दिसत असताना खबरदारी घेतली नाही, हे सरकार पक्षाला सिद्ध करावे लागते. चार वर्षांत एकही तक्रार नाही, लसीकरण नियमित आहे, पट्टा लावलेला होता आणि जखम दोन दातांची आहे, या गोष्टी आपल्या वकिलांनी ठामपणे मांडाव्यात. परंतु समोरचा पक्षही गप्प बसणार नाही. सहा वर्षांच्या मुलाचे तोंड लॅब्राडोरच्या तोंडापासून फारसे वर नसते, आणि हेच दात मनगटाऐवजी गालावर लागले असते, तर चेहऱ्याची कायमची विद्रूपता म्हणून ती कलम ११६ खालील जबर दुखापत ठरली असती, असा युक्तिवाद होईल आणि तो पोकळ म्हणता येणार नाही.

मूल न विचारता आले, हे खरे आहे. पण सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य कायद्याच्या दृष्टीने अपराध होत नाही, आणि दिवाणी दाव्यातही न्यायालय त्या मुलाकडून त्याच्या वयाच्या मुलाइतक्याच समजुतीची अपेक्षा करते. आईवडिलांचे लक्ष नव्हते, हे भरपाईच्या प्रश्नात जरूर सांगता येईल. मात्र ज्या आवारात संध्याकाळी पन्नास मुले खेळतात, तेथे एखादे मूल कुत्र्याला मिठी मारायला धावणार, हे आधीच ओळखता येण्याजोगे आहे. ज्या गोष्टीचा अंदाज सहज बांधता येतो, तिच्यासाठी केलेली तयारीच ‘पुरेशी खबरदारी’ ठरते. तीस किलोच्या कुत्र्याचा पट्टा तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात देणे ही त्या अर्थाने अपुरी तयारी होती, असे न्यायालयाला वाटू शकते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मलाही तसेच वाटते. मुलीला दोष देऊ नये. तिने पट्टा सोडला नाही, हे तिचे कौतुक आहे. पण मागून धावत येणारे मूल पाहून कुत्र्याला आपल्या पायामागे घेणे आणि मोठ्या आवाजात ‘थांब, हात लावू नकोस’ असे बजावणे, हे प्रौढ माणसाचे काम आहे.

न्यायालये या गोष्टी किती गांभीर्याने घेतात, याचे ताजे उदाहरण आहे. एका माणसाने लिफ्टमध्ये, ‘माझा मुलगा कुत्र्याला घाबरतो, थोडे थांबा’ अशी शेजाऱ्याने केलेली विनंती न जुमानता आपला कुत्रा आत ओढत आणला आणि त्या कुत्र्याने शेजाऱ्याचा चावा घेतला. मुंबईतील न्यायदंडाधिकाऱ्यांनी २०२५ मध्ये त्या माणसाला चार महिन्यांची शिक्षा सुनावली. तेथे निर्णायक ठरले ते मालकाचे वागणे. आपले प्रकरण त्याहून पुष्कळ सौम्य आहे, आणि ते सौम्यच राहावे यासाठी आज केलेल्या गोष्टी उपयोगी पडतील.

म्हणून शिकवणुकीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. वकिलाने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण पुढच्या वेळी ‘खबरदारी काय घेतली होती’ या प्रश्नाचे उत्तर यातूनच मिळणार आहे. कुत्र्याच्या बाजूने पाहिले, तर मागून गळ्याला पडलेली मिठी त्याला माया वाटत नाही, पकड वाटते. कुत्रा चावण्यापूर्वी सहसा सांगतो : तोंड वळवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, अंग ताठ करतो, शेपटी पोटाशी घेतो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो, आणि शेवटी गुरगुरतो. अनेक घरांत गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला दटावतात. असे कधीही करू नये, कारण इशारा देण्याबद्दल शिक्षा झालेला कुत्रा पुढे इशाऱ्याशिवाय चावतो. अनोळखी माणूस समोर आला की बसून राहणे, हाक मारताच मालकाकडे वळणे आणि वाट पाहणे, या तीन सवयी खाऊ देऊन, मारहाण न करता, प्रशिक्षकाच्या मदतीने लावाव्यात, आणि प्रशिक्षकाची पावती व नोंदी जपून ठेवाव्यात.

मुलांना शिकवायचे ते असे : आधी कुत्र्याच्या माणसाला विचारायचे, ‘हो’ म्हटले तरी धावत न जाता बाजूने, हळू जायचे, कुत्रा स्वतः हुंगायला आला तरच त्याच्या छातीला किंवा खांद्याला हात लावायचा, डोक्यावरून हात न्यायचा नाही, खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्ले असलेल्या किंवा बांधलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही, आणि सुटा कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, हात अंगाशी घेऊन झाडासारखे स्तब्ध उभे राहून नजर जमिनीकडे ठेवायची. नकार द्यायला आपल्या मुलीलाही शिकवावे. ‘आज नको, तो थकला आहे’ असे मोठ्या माणसालाही नम्रपणे सांगता आले पाहिजे. आपल्याकडे लाजेकाजेस्तव पट्टा सैल सोडला जातो आणि तेथेच घात होतो. दारावर सामान घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत नियम एकच : कुत्रा आधी आतल्या खोलीत, मग दार उघडायचे. ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपली, असे मानू नये. कुत्रा धोकादायक असल्याचे आपल्याला ठाऊक होते, याचा पुरावा म्हणून तीच पाटी आपल्याविरुद्ध दाखवली जाऊ शकते.

संस्थेच्या ठरावाबाबत थोडक्यात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रहिवाशांच्या संघटनेला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टचा वापर नाकारता येत नाही आणि जाळीची सक्तीही करता येत नाही. पट्टा मात्र सार्वजनिक जागेत हवाच. पाणी तोडण्याची धमकी बेकायदेशीर आहे; ती लेखी आली असेल तर जपून ठेवावी, तोंडी असेल तर ‘आपण अमुक दिवशी असे म्हणालात’ असे पत्र सचिवांना पाठवून पोच घ्यावी. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येईल, आणि प्रत्यक्ष कारवाई होत आहे असे दिसल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात अंतरिम मनाई मागता येईल. कुत्र्याला कोणी ठार मारले, जायबंदी केले वा विष घातले, तर न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. दुसरीकडे, भीतीपोटी त्याला दिवसभर बाल्कनीत बांधून ठेवणे हा आपलाच अपराध ठरेल. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवणे टाळणे ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये क्रूरता मानली आहे.

हे सर्व हक्क असले, तरी मी आपल्याला ठरावाविरुद्ध लगेच दावा लावण्याचा सल्ला देणार नाही. काही आठवडे स्वेच्छेने जाळी वापरावी. ती पिंजऱ्यासारखी, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापता आणि पाणी पिता येते अशी असावी. तोंड आवळणारी कापडी पट्टी नको. ‘सक्ती मान्य नाही, तथापि मुलांच्या मनातील भीती जाईपर्यंत मी स्वतःहून हे करीत आहे’ असे पत्रात लिहावे. गर्दीच्या वेळी लिफ्टमध्ये कोणी असल्यास पुढच्या फेरीची वाट पाहावी. संस्थेने मुलांसाठी व कुत्री पाळणाऱ्यांसाठी एकत्र बैठक बोलवावी आणि त्यात प्रशिक्षकाला बोलवावे, त्याचा खर्च आपण द्यावा, असा प्रस्तावही मांडावा.

मुलाच्या घरी स्वतः जाऊन विचारपूस करावी आणि उपचाराचा खर्च देऊ करावा. तो देताना ‘कोणतीही कायदेशीर जबाबदारी मान्य न करता’ असे शब्द वकिलांकडून लिहून घ्यावेत. समेट झाला तरी कलम २९१ चा गुन्हा परस्पर मिटवता येत नाही. दोन्ही बाजूंच्या संमतीने उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली तो रद्द करून घ्यावा लागतो. पालकांना हे आधीच समजावून सांगावे, म्हणजे नंतर फसवणूक झाल्याची भावना राहणार नाही.

आवारातील सीसीटीव्हीचे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याचे पत्र सचिवांना आजच द्यावे आणि त्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात ग्राह्य धरण्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र मागावे. मूल मागून धावत आले आणि पट्टा मुलीच्या हातात होता, हे त्यात दिसत असेल, तर ते आपल्या उपयोगाचेच आहे.

आपल्या मुलीचा जबाब पोलिसांना घ्यावासा वाटेल. ती साक्षीदार आहे, आणि पंधरा वर्षांखालील मुलाला किंवा कोणत्याही स्त्रीला साक्षीदार म्हणून पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार अधिकाऱ्याने घरी यावे लागते. आपण तिच्यासोबत बसावे, तिला काय सांगायचे ते पढवू नये, आणि घडले तसे तिच्या शब्दांत तिला सांगू द्यावे.