ओघळ, चर आणि चिबड जमीन : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : शेताच्या कडेची ओघळ दरवर्षी वर सरकते आहे. खाली तोंडाशी पक्का बंधारा घातला तर थांबेल का?

नाही. ओघळ वाढते ती वरच्या टोकाकडून. तिथे पाणी कड्यावरून कोसळतं, पायथा पोखरतं आणि वरची माती ढासळते. म्हणून आधी वरच्या शेतातून येणारा लोंढा कमी करा: उताराला आडवी नांगरणी, आच्छादन, चर. एका हेक्टरवर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे अडीच लाख लिटर पाणी. ते वरच मुरलं तेवढं ओघळीला मिळणार नाही.

नंतर टोकाचा कडा उतरता करून दगड रचा आणि तिथून खाली छोटे अनघड दगडी बांध घालत या. बांधाचा मध्य कडांपेक्षा खोलगट हवा. तो उंच राहिला की पाणी बगल फोडतं. बांध शाबूत आणि ओघळ शेजारी, असं चित्र हमखास दिसतं. दगड दोन्ही काठांत घुसवा, पाणी पडतं तिथे दगडांचा थर द्या. खालच्या बांधाचा सांडवा (पाणी वाहून जातं तो खोलगट मध्य) वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला आला की अंतर बरोबर. बांध पाझरला तर पाझरू द्या, गाळ अडतोय ना? त्या गाळावर गवत धरलं की निम्मं काम झालं.

प्रश्न : यंत्राशिवाय समपातळी रेषा (उतारावर एकाच उंचीवरून जाणारी) कशी आखायची?

सारख्या लांबीच्या दोन काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधा, खालची टोकं फाकवा (हे चौकटीचे पाय), मध्ये आडवी पट्टी, शेंड्यावरून ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन). चौकटीचे पाय जमिनीवर टेकवून दोरी पट्टीला जिथे छेदते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून, पण अगदी त्याच दोन जागांवर ठेवून, दुसरी खूण करा. दोन्हींचा मध्य म्हणजे समपातळी. दोरी तिथे येईल तसे पाय टाकत, खुंट्या ठोकत चला. वाऱ्यात ओळंबा हलतो, जरा जड दगड बांधा.

प्रश्न : बांधालगतचं पीक पिवळं पडतं आणि जमिनीवर पांढरा थर येतो. जमीन भारी काळी आहे. काय चुकलं?

अशा जमिनीत पाणी फार सावकाश मुरतं. समपातळी बांधाशी ते तुंबतं, मुळांना हवा मिळत नाही. इथे बांधाला किंचित ढाळ द्या आणि जादा पाणी गवताच्या चरातून बाहेर काढा. पांढरा थर बहुधा क्षारांचा असतो: वर आलेलं भूजल केशाकर्षणाने (मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढून) पृष्ठभागाशी पोचून वाफ होतं, क्षार मागे उरतात. अशा वेळी आधी निचरा करा. निचऱ्याशिवाय वरून कितीही पाणी दिलंत तरी जमीन आणखी चिबड (पाणी साचून दलदलीची) होईल. जिप्सम (सोडियम हटवायला घालतात ते खनिज) माती परीक्षणात सोडियम जास्त निघालं तरच.

प्रश्न : प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्याने विहिरीचं पाणी वाढेल?

नाही, अस्तर पाझर थांबवण्यासाठीच असतं. उलट ते तळं विहिरीतून उपसून भरलंत तर विहिरीचं पाणी उन्हात वाळत घातल्यासारखंच आहे. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरा.