बासुंदी उकळली, तरी उलट्या का?

प्रश्न : सर, साखरपुड्याची बासुंदी उरली होती. रात्रभर पातेल्यात झाकून ठेवली, सकाळी खळखळून उकळली, मगच वाढली. तरी तीन तासांत सात जणांना उलट्या. उकळल्यावर जंतू मरत नाहीत का? जाऊबाई म्हणतात, दूधच नासकं होतं.
– एक वाचक, माजलगाव

उत्तर : ताई, जंतू मेले. पण मरायच्या आधी रात्रभर त्यांनी जे बाहेर टाकलं, ते पातेल्यातच राहिलं.

तीन तासांत उलट्या म्हटल्यावर माझा पहिला संशय स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूवर. हा कित्येकांच्या नाकात सुखानं राहतो, पिकलेल्या जखमेत तर असतोच. दूध आटलं तेव्हा तो असता तरी मेला असता. नंतर चारोळ्या घालताना कुणाचा हात लागला? त्या बोटाला नखुरडं होतं का? आपल्याकडे मे महिन्यात एवढं पातेलं निवायलाच पहाट होते. त्याला आणखी काय हवं!

त्याचं विष म्हणजे एक प्रथिन. अंड्याचं प्रथिन उकळलं की थिजतं. हे अर्धा तास उकळलं तरी टिकतं. पोटात गेलं की आतड्यातल्या मज्जातंतूंना डिवचतं, मेंदूला निरोप जातो आणि उलटी होते. म्हणून यात अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्यायचं. बहुतेकांना दिवसभरात उतार पडतो. लहान मूल, म्हातारं माणूस असेल, तर मात्र दवाखाना गाठा.

आता हे प्रथिन जंतूच्या आतून बाहेर येतं कसं? लातूरला शिकवत होतो तेव्हा मुलांच्या हातात सुई आणि दोऱ्याचा गुंता द्यायचो. ओवा म्हणायचो. गुंता नेढ्यातून जात नाही, सरळ दोरा जातो. जंतूचंही तसंच. प्रथिनाच्या टोकाला पाकिटावरच्या पत्त्यासारखा छोटा तुकडा असतो. तो ओळखून आवरणातलं यंत्र न गुंडाळलेलं प्रथिन भोकातून ओवतं. पत्ता कापला जातो, प्रथिन बाहेर घडी घेतं. प्रथिनांवरच्या अशा पत्त्यांच्या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं.

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जंतूला दोन आवरणं असतात. त्याचं विष पहिल्यातून ओवलं जातं, मधल्या जागेत जुळतं आणि मग दुसऱ्या दारातून ढकललं जातं. टायफॉइडवाला तर सुईसारख्या नळीतून थेट आपल्या पेशीतच प्रथिनं टोचतो.

जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कलकत्त्यात पटकीचे जंतू तपासले. पण दुखणं जंतूंनी सोडलेल्या द्रवानं होतं, हे त्याच शहरातल्या शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये दाखवलं. जंतू गाळून काढलेला द्रव त्यांनी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला, आणि आतडं पाण्यानं टम्म फुगलं. या माणसाचं नाव आपल्या पोरांना माहीत नसतं, याचा मला अजून राग येतो.

पुढच्या वेळी उरलेली बासुंदी छोट्या भांड्यांत काढून लगेच फ्रीजमध्ये टाका. आणि जाऊबाईंना सांगा, दूध नासकं असतं तर उकळताना फाटलं असतं, कुणी वाटी पुढे केलीच नसती. या विषाला ना वास, ना चव.