व्हिएतनाममधल्या न्हा त्रांगच्या पो नगर देवळात चाम आणि व्हिएतनामी एकाच देवीला कसे पूजतात? कधी जावं?

मूर्ती एकच, नावं दोन. चाम, म्हणजे जुन्या चंपा राज्याचे लोक, त्यांची ती पो इनु नगर, जुन्या शिलालेखांतली भगवती. किन्ह, म्हणजे बहुसंख्य व्हिएतनामी, तिला थिएन या ना म्हणतात. पण देऊळ निम्मं-निम्मं वाटून घेतलंय असं समजू नका. 1653 मध्ये हा मुलूख चामांकडून व्हिएतनामी न्गुयेन सरदारांकडे गेला आणि हळूहळू रोजची पूजाअर्चा किन्हांच्या हाती आली. दक्षिणेला निन्ह थुआनकडच्या चामांनी हुऊ दुक गावात देवीचं वेगळं ठाणं मानलं. त्यांचा काटे सण तिथे होतो. पो नगरला ते यात्रेकरू म्हणून येतात.

सोन्याची मूर्ती ख्मेरांनी (कंबोडियाच्या लोकांनी) पळवल्यावर 965 मध्ये दगडी बसवली, असं शिलालेख सांगतो. आजची मूर्ती काळ्या दगडाची, दहा हातांची. पण झगा आणि मुकुट चढवल्यावर बरेचसे हात झाकले जातात, रंगवलेला चेहरा तेवढा उरतो, आणि आपली मंडळी 'ही तर चिनी देवी' म्हणून बाहेर पडतात. आत शिरण्याआधी मान वर करा: दारावर चार हातांची नाचती आकृती, दोन्ही बाजूंना वादक. दगडी चौकटीवर चाम लेख कोरलेले आहेत. शेजारच्या छोट्या देवळांत लिंगं आहेत, तीही उदबत्तीच्या धुरातच.

चाम आणि किन्ह एकत्र दिसतात ते जत्रेत, चांद्र तिसऱ्या महिन्याच्या 20 ते 23 तारखेला. विसाव्या दिवशी सुगंधी पाण्याने देवीला स्नान घालून वस्त्रं बदलतात. मग किन्ह बायका डोक्यावर फुलांची तबकं तोलत नाचतात. चाम मंडळी गिनांग ढोल आणि सारानाई (सनईसारखं वाद्य) घेऊन येतात.

तारीख काढताना घोळ होतो. त्यांचा महिनाही आपल्यासारखा अमावास्येला संपतो, त्यामुळे जत्रा बहुधा चैत्र वद्य पंचमी ते अष्टमीच्या आसपास पडते. पण अधिक महिना दोघांचा एकाच वेळी येईलच असं नाही. 2023 मध्ये त्यांचा दुसरा महिना अधिक होता, आपला श्रावण. जत्रा थेट वैशाखात गेली. म्हणून तिकीट काढण्याआधी व्हिएतनामी चांद्र दिनदर्शिका बघा, कालनिर्णयवर विसंबू नका. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घाला, गाभाऱ्यापाशी चपला काढा. मूर्तीचा फोटो मात्र काढू देत नाहीत.