आईला व्हेरिकोज व्हेन्स (पायांच्या फुगलेल्या शिरा) आहेत, मी दादरला साडीच्या दुकानात दिवसभर उभी असते. जनुकांमुळे मलाही होणार का?

शक्यता वाढते, पण ठरलेलं नाही. शिरेच्या भिंतीत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं; त्यातलं टाइप १ ताठपणा देतं, टाइप ३ लवचिकपणा. फुगलेल्या शिरांत बऱ्याचदा टाइप ३ कमी पडलेलं दिसतं. भिंत सैलावते, रक्त मागे येऊ न देणाऱ्या शिरेतल्या झडपा नीट मिटत नाहीत, रक्त खाली साचतं. झडपा घडवण्यात फॉक्ससी२ जनुकाचाही हात असतो, पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. १९९४च्या एका छोट्या फ्रेंच अभ्यासात आईवडिलांपैकी एकालाच त्रास असेल तर मुलींत धोका ६२ टक्के, मुलग्यांत २५ निघाला. जनुकचाचणीवर मात्र पैसे घालवू नका. गिऱ्हाईक नसेल तेव्हा टाचा वर-खाली करा, आणि संध्याकाळी घोटे सुजत असतील तर पायांचं डॉप्लर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या.