बार्डसी म्हणजे ‘भाटांचे बेट’ नव्हे!

प्रश्न असा आला आहे: वेल्सच्या वायव्य कोपऱ्यातल्या बार्डसी बेटाचा अर्थ एका मराठी लेखात ‘भाटांचे बेट’ असा दिला आहे, तो बरोबर का? आणि मध्ययुगाबद्दल लिहिताना बार्डसी म्हणावे की त्याचे वेल्श नाव वापरावे?

अर्थ साफ चुकीचा आहे. इंग्रजीत बार्ड म्हणजे भाट, म्हणून बार्डसी म्हणजे भाटांची जागा, हा निव्वळ बादरायण संबंध आहे. तरीही पर्यटनाच्या माहितीपुस्तिकांतून तो पुन्हा पुन्हा छापला जातो आणि आपल्याकडचे अनुवादक तो तसाच उचलतात.

नाव नीट सोडवून बघा. शेवटचा ‘ई’ हा जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या, भाषेतला ‘एय्’, म्हणजे बेट. दक्षिणेकडच्या कॅल्डी बेटाच्या नावातही तोच आहे. कॅल्डी म्हणजे थंड बेट. तेव्हा ‘बार्डसी आयलंड’ हा पिवळा पितांबर झाला. मधला ‘स’ षष्ठीचा. राहिला ‘बार्ड’. इंग्रजीत बार्ड हा शब्द पंधराव्या शतकात, स्कॉटलंडच्या गेलिकमधून आला. बेटाचे नाव त्याच्या कितीतरी आधीचे. जेराल्ड ऑफ वेल्स हा धर्मगुरू ११८८ मध्ये आर्चबिशप बाल्डविनबरोबर वेल्समध्ये हिंडला आणि या बेटाची दोन्ही नावे त्याने लिहून ठेवली: वेल्शमध्ये एन्ल्ही, सॅक्सन भाषेत, म्हणजे त्या काळच्या इंग्रजीत, बर्डसी. त्या काळच्या इंग्रजांच्या तोंडी भाटासाठी हा शब्दच नव्हता, मग तो बेटाला कुठून देणार? वेल्श लोकांकडे मात्र ‘बार्द’ हा शब्द होता. पण त्यांनी नाव ठेवले असते तर ‘बेट’ हा शब्द आधी आला असता, कारण वेल्शची रीतच तशी आहे.

हा बार्ड म्हणजे बार्द्र नावाचा कोणी नॉर्स माणूस. २०१४ साली आइसलँडच्या बार्दारबुंगा ज्वालामुखीच्या बातम्या आल्या होत्या, त्या नावातही हेच विशेषनाव आहे. कोणी म्हणेल की नॉर्समध्ये षष्ठी ‘बार्दार’ अशी होते, मग इथे ‘स’ का? माझ्या मते हा ‘स’ इंग्रजी तोंडांनी लावला, आणि जेराल्डनेही हे नाव सॅक्सन भाषेतले म्हणूनच दिले आहे.

पण खरी मौज वेल्श नावात आहे. बेटावर वीस हजार संत पुरले आहेत, इथल्या तीन वाऱ्या म्हणजे रोमची एक वारी, हे सगळे कुठेही वाचायला मिळेल, ते सोडून देतो. ‘अनिस एन्ल्ही’ यातला ‘अनिस’ म्हणजे बेट. ‘एन्ल्ही’तला ‘ल्ह’ आपल्या ‘कोल्ह्या’तला नव्हे. जीभ ‘ल’ च्या जागी टेकवायची आणि आवाज न काढता दोन्ही कडांनी हवा सोडायची. याचा प्रचलित अर्थ सांगतात ‘प्रवाहातले बेट’, कारण ‘ल्ही’ म्हणजे लोंढा. बेट आणि किनारा यांच्यामधली सामुद्रधुनी जेमतेम ३ किलोमीटरची असली तरी तिथला ओघ इतका जबर आहे की होड्या कधीकधी दिवसचे दिवस अडकून पडतात. म्हणून हा अर्थ चटकन पटतो. मला तो पटत नाही. भोवतालचे पाणी बघून मागाहून जुळवलेला अर्थ आहे हा, आणि जाणकार म्हणवणाऱ्यांनी तो इतक्या सहज मान्य करावा याचे वाईट वाटते.

मला पटते ती व्युत्पत्ती अशी: मूळ नाव ‘अनिस व्हेन्ल्ही’, म्हणजे बेन्ल्हीचे बेट. वेल्शमध्ये ‘अनिस’ स्त्रीलिंगी आहे, आणि जुन्या वेल्शमध्ये अशा नामामागून विशेषनाव आले की त्याचा पहिला वर्ण मऊ पडे. ‘ब’ चा ‘व्ह’ होतो, ‘म’ चाही ‘व्ह’ होतो, ‘प’ चा ‘ब’ होतो. कॅल्डीचे वेल्श नाव ‘अनिस बिर’, ते पिर नावाच्या मठाधिपतीवरून आले. आपल्याकडे ‘पल्ली’ची ‘वली’ होऊन डोंबिवली, कांदिवली झाली तसेच, फक्त त्यांच्याकडे पहिला वर्ण असा मऊ पडणे हा आजही व्याकरणाचा भाग आहे. पुढे हा ‘व्ह’ बोलताना गळाला आणि एन्ल्ही उरले. ईशान्य वेल्समध्ये ‘मोएल व्हेन्ल्ही’ नावाची टेकडी आहे, तिथे तो शाबूत आहे! बेन्ल्ही नावाचा एक जुलमी राजा नवव्या शतकातल्या एका लॅटिन इतिहासात येतो. आकाशातून आग पडून त्याचे नगर भस्म झाले अशी कथा आहे. तो राजा इतक्या लांब पश्चिमेला कसा पोचला, असा आक्षेप घेतात. पण बेटाचा बेन्ल्ही आणि तो राजा एकच असायला हवेत असे कोणी सांगितले? एका नावाची दोन माणसे असू शकतात.

हा नियम डोळ्यांनी बघायचा असेल तर बेटासमोरच्या किनाऱ्यावर ‘फनॉन व्हैर’ आहे. फनॉन म्हणजे झरा, व्हैर म्हणजे मैर, अर्थात मेरी. कड्याच्या तळाशी, खडकाच्या खोबणीत ओंजळीएवढे पाणी. भरतीला समुद्र त्यावरून जातो, ओहोटी लागली की पुन्हा गोडे पाणी मिळते. होडीत बसण्याआधी यात्रेकरू ते पीत, असे सांगतात.

बाराव्या शतकात वायव्य वेल्समधल्या ग्विनेद राज्याच्या दरबारात मेलिर नावाचा कवी होता. मरणसमयीच्या कवितेत तो देवाजवळ मागतो की मला एन्ल्हीच्या निर्मळ लोकांत ठाव दे. त्याच कवितेत तो बेटाला ‘अनिस व्हैर’, मेरीचे बेट, असेही म्हणतो. म्हणजे भाटांचे बेट म्हणतात त्याच्याबद्दल लिहिणारा अस्सल भाट, आणि त्याच्या तोंडी एन्ल्ही आहे, मेरी आहे, बार्डसीचा पत्ता नाही.

तेव्हा वेल्श संत, मठ, कवी यांच्याबद्दल लिहाल तिथे एन्ल्ही लिहा. इंग्रजी कागदपत्रांचा हवाला देत असाल तर बार्डसी चालेल, पण पुढे ‘आयलंड’ जोडू नका.